रस्ता खचला तो चरात: एका गल्लीच्या दुरुस्तीचं प्रकरण

ठेकेदार एकच, डांबर एकाच दुपारी पडलेलं, रोलरही तोच. तरीही पहिल्याच पावसाळ्यात आमच्या गल्लीचा वरचा अर्धा भाग जसाच्या तसा राहिला आणि खालचा अर्धा खचला. मी गल्लीच्या साधारण मध्यावर, पहिल्या मजल्यावर राहते. काम घरून चालतं आणि टेबल गॅलरीला लागून आहे, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये चाललेलं हे काम जवळजवळ सगळं डोळ्यांसमोर झालं. शहराचं, कार्यालयाचं आणि ठेकेदाराचं नाव देत नाही. दिलं तर चर्चा माणसांवर जाईल, आणि मला ती भरावावर, म्हणजे ड्रेनेजसाठी खणलेला चर परत कसा भरला यावर, हवी आहे.

आधी जागेची माहिती. गल्लीची लांबी 140 मीटरच्या आसपास, डांबरी रुंदी पाच मीटर. वरचं टोक मुख्य रस्त्याला मिळतं, खालचं नाल्याकडे उतरतं. जुनी ड्रेनेज लाईन सहा इंची, चिनीमातीची, बंगल्यांच्या काळातली. बंगले पाडून इमारती उभ्या राहिल्या, नळ आणि संडास चौपट झाले, लाईन तीच. दर पावसाळ्यात खालची चेंबरं उफाळायची. म्हणून महापालिकेने 300 मिलिमीटरची सिमेंटची नवी लाईन, दर 30 मीटरवर चेंबर आणि शेवटी संपूर्ण रुंदीला डांबराचा नवा थर असं एकच काम काढलं. एकच ठेका, ही गोष्ट चांगली होती. एरवी ड्रेनेज खातं खणून जातं, पथ विभाग डांबर टाकून जातो, आणि मधला चर कोणाचाच नसतो.

खोदाईबद्दल फार सांगण्यासारखं नाही. 2019 साली ‘जेसीबी की खुदाई’वरून सगळ्या देशाने विनोद केले, पण जेसीबी गल्लीत आला की विनोद करणारेही कठड्याला टेकून उभे राहतात, हे मी पाहिलं. एका घराची नळजोडणी तुटली, एकाची इंटरनेटची वायर गेली, दोन दिवस आरडाओरड झाली, जोडून मिळालं. चर दीड मीटर खोल, जेमतेम मीटरभर रुंद. वरच्या बाजूला मुरूम निघाला, खाली नाल्याकडे काळी माती. पाइप बसले, सांधे भरले, चेंबरं बांधून झाली. इथवर तक्रारीला जागा नाही.

भराव

खरं प्रकरण इथे सुरू होतं, आणि नेमकं इथेच बघायला कोणी नव्हतं. पाइप टाकला जात असताना गर्दी होती, डांबराच्या दिवशीही झाली. मधले दिवस कंटाळवाणे. माती टाकायची, पाणी मारायचं, दाबायचं, पुन्हा माती टाकायची.

बघायला एकटे समोरचे नाना होते. बांधकाम खात्यात उभी हयात गेलेली, निवृत्त होऊनही सकाळी पायात बूट. ते रोज चराच्या कडेने फेरी मारायचे आणि मुकादमाशी त्यांची दोस्ती झाली होती. वरच्या भागाचा भराव चालू होता तेव्हा नानांनी चरातल्या मुरमाची मूठ उचलली, दाबली आणि मला खालूनच उघडून दाखवली.

“हे बघ, लाडू वळला पाहिजे. हात ओला झाला तर पाणी जास्त, आणि उघडल्यावर भुगा झाला तर कमी.”

मुकादम हसला. “आमी कवापासून वळतोय नाना. पन दाबायला मशीन पायजे ना.”

मशीन तेव्हा होतं. डिझेलवर चालणारा, ढकलत न्यायचा प्लेट कॉम्पॅक्टर. पाइपच्या भोवती आणि वर हातभर कच, म्हणजे खडीचा बारीक चुरा, मग वीतभर मुरूम, पाणी, मशीनच्या दोन-तीन फेऱ्या, पुन्हा वीतभर मुरूम. मशीन चेंबरच्या भिंतीलगत जात नाही, तिथे दोन गडी धुम्मस, म्हणजे माती ठोकायचं जड हत्यार, घेऊन उभे. दिवसभरात पंधरा-वीस मीटर चर भरून व्हायचा. गॅलरीतून बघताना हे काम इतकं सावकाश वाटायचं की शेजारच्या काकूंनी “हे लोक रोजावर आहेत वाटतं, मुद्दाम लांबवतायत” असा निर्वाळा दिला. वीतभराचा थर हा काही मुकादमाचा लहरीपणा नव्हता. हलक्या मशीनचा दाब त्याच्या खाली पोचतच नाही. दोन फूट माती एकदम टाकून वरून कितीही थरथराट केला तरी वरचा पापुद्रा घट्ट होतो आणि पोटात पोकळ्या राहतात.

आमच्या घराच्या थोडं पुढे, म्हणजे बरोबर मध्यावर काम आलं आणि एका सकाळी एक टेम्पो येऊन मशीन घेऊन गेला. दुसऱ्या साइटवर हवं होतं. मुकादम एक दिवस थांबला. दुसऱ्या दिवशी दुपारी ठेकेदाराचा सुपरवायझर मोटारसायकलवरून आला, फोनवर बोलता बोलताच त्याने चर पाहिला आणि जेसीबी मागवला. अंधार पडायच्या आत उरलेले सत्तर मीटर भरून झाले. कडेला पडलेली काळी माती, मुरमाचे गोळे, जुन्या डांबराचे तुकडे, एका पाइपचे फुटके काठ, सगळं बकेटने ढकललं. वरून टँकरने पाणी सोडलं. मग जेसीबीच चरावरून दोनदा पुढे-मागे गेला, ती दबाई.

नाना त्या दिवशी मुलीकडे गेले होते. मुकादम बाजूला उभा राहून तंबाखू मळत होता. मी गॅलरीतून विचारलं, “असंच भरायचं का हे?” तो म्हणाला, “ताई, मशीन न्हाई, आन साहेबाला मार्चला बिल टाकायचंय.”

यातल्या दुसऱ्या वाक्यात जवळजवळ सगळं कारण आलं. 31 मार्चला आर्थिक वर्ष संपतं. तोवर काम झालं, मोजलं गेलं आणि देयक दाखल झालं तर पैसे त्या वर्षाच्या तरतुदीतून सुटतात. नाही तर निधी व्यपगत होतो आणि फाईल पुन्हा पहिल्या टेबलापासून फिरते. काम सुरूच झालं फेब्रुवारीच्या मध्यावर, कारण कार्यादेश तेव्हा निघाला. निविदा आणि मंजुऱ्यांत गेलेले महिने वसूल कुठून करायचे? जे झाकलं जाणार असतं तिथून.

काळ्या मातीवर पाणी सोडून ती बसते, हा गैरसमज फार पसरलेला आहे. वाळूच्या बाबतीत तो थोडाफार खरा आहे. काळी माती मात्र पाणी पिऊन फुगते, चिखल होते आणि वाळली की आकसून भेगाळते. तिला चरातून बाहेरच ठेवायचं असतं.

डांबराची दुपार

चरावर खडी-मुरमाचा थर झाला, रोलर फिरला आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात डांबर आलं. त्या दिवशी मात्र सगळी गल्ली हजर. माजी नगरसेवक आले, चहा झाला, फोटो निघाले. एका सोसायटीच्या चेअरमननी स्टीलची पट्टी आणली होती, थराची जाडी मोजायला.

त्यांची शंका रास्तच होती. डांबरात चोरी होते हे आपण ऐकत आलोय. पण ती मोजायला पट्टीपेक्षा सोपा हिशेब आहे, आणि नानांनी तो आदल्या रात्रीच वहीच्या पानावर करून ठेवला होता. 140 मीटर गुणिले 5 मीटर गुणिले 30 मिलिमीटर, म्हणजे 21 घनमीटर. दाबलेल्या डांबरी मिश्रणाचं वजन घनमीटरला साधारण 2.35 टन. म्हणजे पन्नास टनांच्या आतबाहेर माल, सोळा-सोळा टनांच्या तीन गाड्या. ज्याला थराची जाडी आणि गल्लीची लांबी माहीत आहे त्याने फक्त हायवा, म्हणजे माल आणणारे डंपर, मोजावेत आणि वजनकाट्याची चलनं बघावीत. आमच्याकडे तीन आले. चलनं कनिष्ठ अभियंत्याने न मागता दाखवली.

त्या तरुण अभियंत्याबद्दल मला आदर वाटला. सकाळी जुना रस्ता ब्रशने आणि कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करून घेतला. धूळ राहिली तर नवा थर जुन्याला धरत नाही आणि पुढे पापुद्रे निघतात. मग झारीने टॅक कोट, म्हणजे नवा थर जुन्याला चिकटवणारा लेप, शिंपडला गेला. हे पाणी मिसळलेलं डांबर पडताना चॉकलेटी दिसतं. त्यातलं पाणी सुटून ते काळं होईपर्यंत वर माल टाकायचा नसतो. पहिला हायवा उभा राहून ड्रायव्हर हॉर्न मारत होता, तरी अभियंता म्हणाला, “थांबा, अजून तांबूस आहे.” दहा मिनिटं सगळे त्या रस्त्याकडे बघत उभे. डाग डाग करत तो काळा झाला.

गाडीची ताडपत्री उघडल्यावर त्याने मालात थर्मामीटर खुपसला, 148 अंश आला. आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं व्हीजी-30 प्रतीचं डांबर असेल तर माल 140 अंशांच्या खाली गेल्यावर पसरायचा नाही आणि रोलिंग 90 अंशांच्या वर असतानाच संपवायचं, असा केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या तांत्रिक मानकांतला दंडक आहे. गल्ली अरुंद, माल पसरणारं पेव्हर यंत्र आत येईना, म्हणून माल हाताने पसरायचा होता. हाताने पसरताना तो झपाट्याने निवतो, म्हणून माणसं जास्त लावली होती. बायका घमेल्यांनी माल वाहत होत्या, पुरुष दाताळ्यांनी ओढत होते. बहुतेकांच्या पायांत गमबूट नव्हते. चपलांवरून पोत्याचे तुकडे गुंडाळून सायकलच्या ट्यूबने बांधलेले. तापलेल्या मालावर उभं राहून दुपारभर काम करायचं आणि पायात पोतं, याला अंदाजपत्रकात एक ओळ असते की नाही, हे मला अजून बघायचंय. एक जण दाताळं चिकटू नये म्हणून डिझेलच्या डब्यात बुडवत होता. अभियंत्याने तो डबा लांब नेऊन ठेवला, कारण डिझेल डांबराला विरघळवतं आणि जिथे ते सांडतं तिथली खडी पुढे सुटते.

रोलर कडेकडून मधोमध सरकत गेला, चाकांवर पाणी ठिबकत. ढाळ दोन्ही बाजूंना नीट राखला होता. सायंकाळी गल्ली अशी दिसत होती की मुलांनी लगेच स्केटिंग सुरू केलं. पट्टीवाले चेअरमनही समाधानी होते.

म्हणजे डांबरात खोट नव्हती, हे आधीच सांगून टाकते. नंतर जेव्हा रस्ता खचला तेव्हा गल्लीत प्रत्येक जण “डांबर खाल्लं, दुसरं काय” म्हणत होता. तसं म्हणणं सोपं आहे आणि या प्रकरणात ते चुकीचं आहे.

जून, जुलै

पहिले दोन-तीन पाऊस गेले, काही झालं नाही. जुलैच्या मध्यावर खालच्या अर्ध्या भागात, बरोबर चराच्या रुंदीची एक पट्टी वाकलेली दिसायला लागली. आधी पन्हळ, मग दोन्ही कडांना सरळ रेषेत भेग. भेगेतून पाणी आत. पट्टी चार-पाच बोटं खाली गेली. चेंबर मात्र पक्क्या बांधकामाचं, ते जागचं हललं नाही. त्यामुळे झाकण उंचवट्यासारखं वर आणि भोवती खळगा. दूधवाल्याची गाडी तिथे घसरली, सुदैवाने कोपर खरचटण्यावर निभावलं. ऑगस्टमध्ये कोणीतरी त्या खळग्यात पेव्हर ब्लॉक आणि विटा टाकल्या. मोटारींच्या चाकांनी त्या उडून बाजूचंही डांबर सैल झालं.

नानांचा हिशेब असा: दीड मीटरच्या चरात पाइप आणि त्याभोवतीचा कच सोडला तर पाऊण मीटर तरी भराव. सैल टाकलेला भराव दहा टक्के बसला तरी तो सात-आठ सेंटीमीटर खाली जाणार. वरचा तीन सेंटीमीटरचा डांबराचा थर त्याला अडवू शकत नाही. तो वाकणार, फाटणार.

आता एक आक्षेप, जो अभियंत्याच्या वरिष्ठांनी घेतला आणि जो ऐकून घेण्यासारखा आहे. खालच्या बाजूची मूळ जमीनच काळी आहे, नाला जवळ आहे, ओल जास्त. मग दोष भरावाला का? उत्तर जमिनीनेच दिलं होतं. जमीन दोषी असती तर रस्त्याची सगळी रुंदी हलली असती. खालच्या भागातही चराच्या बाहेरचा चार मीटर रस्ता सपाट राहिला, त्यावर एक भेग नाही. खचली फक्त पट्टी. आणि ती पट्टी कुठे सुरू होते? जिथे टेम्पो मशीन घेऊन गेला, तिथे. वरच्या भागात तोच चर डांबराखाली आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

मोजमाप पुस्तिका

आम्ही तक्रार केली, आणि सोबत माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. 2005 च्या या कायद्याचा वापर बहुतेक जण कागदांच्या प्रतींसाठीच करतात. त्याच्या कलम 2 मध्ये मात्र प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिलेला आहे. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि महाराष्ट्रात मजकूर एका विषयाचा व दीडशे शब्दांच्या आत, एवढं पाळायचं. आम्ही अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मोजमापं नोंदवायची वही), भरावाच्या घनतेच्या चाचण्या आणि दोष दायित्व कालावधी (कामातले दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत) एवढंच मागितलं.

मोजमाप पुस्तिकेत भराव संपूर्ण लांबीसाठी एकाच नोंदीत होता: थराथराने, पाणी मारून, दबाईसह, इतके घनमीटर. यात खोटं काय होतं? घनमीटर खरे होते. चर तेवढाच होता आणि तो भरलेला होता. ‘दबाईसह’ हा शब्द मोजता येत नाही, तो मोजायला चाचणी लागते. वाळूच्या साहाय्याने खड्ड्याचं आकारमान काढून मातीची घनता मोजायची पद्धत जुनी आणि स्वस्त आहे. चाचणीचा एकच अहवाल निघाला, आणि तो वरच्या भागातला, मशीन असतानाचा.

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे. पैसे आकारमानाचे मिळतात. सत्तर मीटर एका दुपारी भरले काय आणि चार-पाच दिवसांत भरले काय, घनमीटर तेवढेच. जो थांबतो, थर राखतो, मशीन अडवून ठेवतो, त्याचा खर्च वाढतो आणि देयक वाढत नाही. शिवाय डांबर पडलं की पुरावा गाडला जातो. यात कोणी पाकीट घेतलं असेलही, मी शपथ घेणार नाही. पण कोणीही काही न घेता हाच रस्ता असाच खचू शकला असता.

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याची गोष्ट अशा वेळी हटकून निघते, आमच्या बैठकीतही निघाली. 1970 च्या दशकात रेकॉन्डो या कंपनीने तो दहा वर्षांच्या हमीवर केला आणि पुढे कित्येक दशकं तो खड्ड्यांशिवाय टिकला. ही गोष्ट आपण प्रामाणिक माणसांची म्हणून सांगतो, आणि तशी ती असेलही. मला त्यातली हमी जास्त मोलाची वाटते. दहा वर्षं ज्याच्या खिशाला तोशीस लागणार आहे, तो मशीन अर्ध्यात दुसऱ्या साइटवर पाठवताना दोनदा विचार करतो.

आमच्या कामाला तीन वर्षांचा दोष दायित्व कालावधी होता. हे निविदेतच लिहिलेलं, पण गल्लीत कोणालाही माहीत नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये सुस्थितीतले रस्ते हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे, तेही आम्ही पत्रात घातलं. प्रत्यक्षात काम झालं ते दोष दायित्वाच्या कलमाने आणि ठेकेदाराची सुरक्षा अनामत अजून पालिकेकडे असल्याने. अनुच्छेद 21 पेक्षा अडकलेली अनामत लवकर ऐकू येते.

दुरुस्ती डिसेंबरमध्ये झाली. या वेळी पट्टीच्या दोन्ही कडा कटरने सरळ कापल्या, हातभर खोलीपर्यंतची माती काढून टाकली, खडी-मुरूम दोन थरांत भरून दाबला आणि वर डांबर. संपूर्ण चर उकरायला लावावा, असं काहींचं म्हणणं होतं. नानांनी अडवलं. पावसाळ्याने खालचा भराव बऱ्यापैकी बसवला आहे, आता तो उकरला तर पुन्हा सैल होईल, असं त्यांचं मत. पूर्वी खात्यात घाई नसली की चर नुसता खडी-मुरमावर एक पावसाळा ठेवायचे आणि डांबर दिवाळीनंतर टाकायचे, असंही ते म्हणाले. मशीन नव्हतं तर आमच्या खालच्या भागातही हे करता आलं असतं. वर्षभर धूळ खावी लागली असती आणि गल्लीने तेव्हा शिव्याच घातल्या असत्या, हे मान्य. शिवाय मार्चचं बिल गेलं असतं.

गेल्या महिन्यात रस्त्याच्या कडेने पिवळ्या रंगाचे बाण आणि आकडे उमटले. घरगुती गॅसची लाईन येणार आहे, चर दुसऱ्या बाजूने जाईल. आम्ही खोदाईच्या परवानगीपत्राची प्रत मागून घेतली. त्यात चर पूर्ववत करण्याची जबाबदारी कोणाची, हे लिहिलं आहे. कसा करायचा ते लिहिलेलं नाही. वीतभराचे थर, काळी माती वापरायची नाही, प्रत्येक टप्प्यात घनतेची एक चाचणी आणि तिचा निकाल आल्याशिवाय डांबर नाही, एवढ्या चार गोष्टी जोडाव्यात असं पत्र दिलं आहे. पोच मिळाली, उत्तर यायचंय. दरम्यान नानांनी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाळ्या लावल्या आहेत, भरावाच्या दिवसांच्या. डांबराच्या दिवशी कोणी आलं नाही तरी चालेल, असं त्याखाली लिहिलं आहे.